ओतत राहा म्हणे!

मंडळी, गाडीतले कूलंट कमी होते आहे अशी तक्रार घेऊन कोणत्याही गॅरेजात जा. गाडी दहा-बारा वर्षांहून जुनी असेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले, "काही नाही हो, वरून ओतत राहा." दुसरे, "जुनी झाली गाडी, आता काढून टाका." या दोन्ही उत्तरांशी मला आज भांडायचे आहे. कारण दोन्हींत 'गळते कुठे?' हा साधा प्रश्न विचारलेलाच नसतो.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. मराठी माध्यमातून. यंत्रांशी संबंध म्हणाल तर शिलाई मशीनपुरता. त्यामुळे "बाई, ते तुम्हाला नाही कळायचे" हे वाक्य मला नवीन नाही. पण या विषयात जे कळावे लागते ते सातवी-आठवीच्या विज्ञानापलीकडचे नाही.

कूलंटचा मार्ग बंद असतो. इंजिनातून रेडिएटरकडे, रेडिएटरमधून परत इंजिनाकडे, असे ते फिरत राहते. पेट्रोलसारखे ते जळून संपायचे नसते. गरम झाले की फुगते, थोडे बाजूच्या बाटलीत जाते, थंड झाले की परत येते. म्हणून सकाळी आणि प्रवासानंतर बाटलीतली पातळी वेगळी दिसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण रोज सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी पाहूनही पातळी आठवड्या-आठवड्याला खाली जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे. 'जुन्या गाड्या थोडे पितातच' हे उत्तर मला मान्य नाही. बंद डब्यातले लाडू कमी झाले तर आपण 'जुना डबा आहे, खातो थोडे' असे म्हणतो का?

"पण खाली डाग तर पडत नाही!" हा पुढचा युक्तिवाद. इथे जरा गणित करू. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब. दर पाच सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला ७२० थेंब, म्हणजे ३६ मिलि. गाडी रोज तासभर चालली तर महिन्याला एक लिटरहून जास्त! आणि हा थेंब गरम इंजिनावर किंवा सायलेन्सरच्या नळीवर पडला तर जमिनीवर यायच्या आत सुकून जातो. फरशी कोरडी, बाटली रिकामी. त्यात एसी चालू असला की त्याचे स्वच्छ पाणी खाली टपकत असते, ते पाहून माणूस आणखी चकतो.

लपायच्या जागाही ठरलेल्या आहेत. वॉटर पंपाला खालच्या बाजूला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते, आतले सील गेले की तिथून ओघळ येतो. इंजिनाच्या ब्लॉकला पत्र्याच्या वाटीसारखी बुचे ठोकलेली असतात, ती गंजतात. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर जाते आणि ती फक्त गरम झाल्यावर उघडते. उलट एखादी होज पाइपची क्लिप फक्त थंडीत गळते, कारण थंड झाल्यावर तिची पकड सैल होते. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत गळला तर पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होतो, काचेवर चिकट धुके येते आणि गाडीत गोडसर वास येतो. नुसते रेडिएटरचे झाकण कमजोर झाले तरी कूलंट बाटलीतून बाहेर फेकले जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेड गॅस्केट. तिथून कूलंट सिलिंडरमध्ये जाते आणि पांढरा धूर होऊन निघून जाते, किंवा ऑइलमध्ये मिसळून दुधाळ साय धरते.

आता बघा, या यादीत दोन-पाचशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतची दुखणी आहेत. न शोधता 'ओतत राहा' म्हणणारा माणूस हजारांचे दुखणे दोनशेचे समजतो, आणि न शोधता 'काढून टाका' म्हणणारा दोनशेचे दुखणे हजारांचे करतो.

आमचेच उदाहरण देते. आमची लहान पेट्रोल गाडी २००८ सालची, माझ्या शेवटच्या नोकरीच्या वर्षांतली खरेदी. यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर साताऱ्यात व्यायामोपचाराला न्यायला-आणायला तीच. रिक्षात चढणे त्यांना जमत नाही, त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी हौस नव्हे. मागच्या वर्षी बाटली दर तीन आठवड्यांनी तळाला जाऊ लागली. मी वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहायला लागले. वही घेऊन एका मोठ्या गॅरेजात गेले तर "ओतत राहा" झाले. दुसऱ्या ठिकाणी वहीकडे न बघताच "हेड गॅस्केट गेले, पंचवीस हजार धरून चाला." कशावरून? तर "अनुभव आहे." भाच्याचा फोन आला, "मावशी, काढून टाक ना ती गाडी." मी म्हटले, आधी काय बिघडलेय ते तर कळू दे!

तिसरा मुलगा छोट्या गॅरेजातला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाई, गाडी रात्रभर उभी ठेवून आणाल का?" दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर त्याने सायकलच्या पंपासारखा एक हातपंप रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसवला. त्याला दाब दाखवणारी तबकडी असते. झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब भरायचा, आमच्या गाडीला ०.९, आणि काटा बघत बसायचे. वीस मिनिटांत काटा खाली आला. खाली थेंब नाही. मग बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन तो इंजिनाच्या मागच्या बाजूला शोधत राहिला. हीटरकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लिपपाशी हिरवट पांढरे खरकटे वाळलेले होते. तिथून ओघळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर जाऊन सुकत होता. तरीही त्याने हेड गॅस्केटची वेगळी तपासणी केली. रेडिएटरमधली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, सिलिंडरमधला वायू त्यात आलेला असेल तर रंग पिवळा होतो. आमचा निळाच राहिला. पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा, झाले काम.

आता मुख्य भांडण. यात फक्त गॅरेजवाल्यांना दोष देऊन चालणार नाही. नवा रेडिएटर बसवला तर आपण हजारो रुपये मुकाट्याने देतो. पण "शोधायचे पाचशे" म्हटले की "नुसते बघायचे पाचशे?" म्हणून वाद घालतो. मग तो तरी दोन तास आरसा धरून का बसेल? तो भाग बदलतो, कारण आपण भागाचेच पैसे देतो. एका भागाने नाही थांबले तर दुसरा. अशी अंदाजपंचे दुरुस्ती शोधण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

गळती बंद करणारी पावडर किंवा रस्त्यावरचा हळद टाकण्याचा उपाय, यांच्याबद्दलही बोलते. रानात अडकलात तर गावापर्यंत पोचायला ठीक. पण तीच पावडर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. भोक बुजले की नळी बुजली, हे पुढच्या उन्हाळ्यात कळते. नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतत राहण्याचेही तसेच. गंज आणि क्षार आत साचतात, कूलंट पातळ होते. आणि पातळी फार खाली गेली तर तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडतो, काटा शांत दिसतो आणि इंजिन मात्र तापत असते. अॅल्युमिनियमचे हेड एकदा वाकले की मग पंचवीस हजार खरेच लागतात. शिवाय हे द्रव विषारी आणि चवीला गोड असते, गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात. त्यांचाही विचार करायला हवा.

कोणी म्हणेल, बाई, प्रत्येक जुनी गाडी वाचवण्यात काय अर्थ? मान्य. गाडीच्या किमतीहून दुरुस्ती महाग असेल तर निरोप द्यावा. पण तो निर्णय शोध घेतल्यानंतरचा आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर तपासणी करून फेरनोंदणी होते, पुढच्या ५ वर्षांसाठी. म्हणजे कायदासुद्धा आधी तपासतो आणि मग ठरवतो.

'वय झाले' हे निदान नाही, हे आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना कोणी सांगायला नको. चक्कर येते? वय झाले. हिमोग्लोबिन कमी? वय झाले, गोळ्या घ्या. रक्त कुठे जाते आहे हे बघणारा डॉक्टर भेटला तर नशीब. शाळेतही तेच पाहिले. 'मुलगा गणितात कच्चा' म्हणून वरून गुण ओतायचे आणि पुढच्या वर्गात ढकलायचे. भागाकार कुठे अडला ते कोणी विचारायचे नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. थंड इंजिनावर पातळी बघा, तारखेसह लिहून ठेवा. गरम असताना झाकण कधीही उघडू नका, भाजाल. आणि गॅरेजात गेलात की आधी दाबाची तपासणी मागा, तिचे पैसे वेगळे आणि आनंदाने द्या. तुमच्या गावात असा शोधून काढणारा मेकॅनिक असेल तर त्याला सांभाळून ठेवा हो. आमच्या त्या मुलाने शोधण्याचे तीनशे मागितले होते, मी पाचशे दिले.