‘बारीक आहेस, तुला काय होतंय!’

जुलै २०२५ मधला तो आठवडा आठवतोय? सगळ्या ग्रुप्सवर एकच विषय होता, समोसा आणि जिलेबी. ‘आता समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार’ अशी बातमी फिरली आणि दोन तासांत मिम्सचा पूर आला. प्रत्यक्षात घडलं होतं एवढंच, की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सुचवलं होतं. त्यात नागपूरच्या एम्सच्या कॅन्टीनचं नाव आलं आणि बातमीला पाय फुटले. शेवटी कुठल्याही पदार्थावर किंवा गाड्यावर इशारा लावायला सांगितलेलं नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

आमच्या कॅन्टीनमध्येही यावर जाम वाद झाला. मी त्यात ‘समोसा बचाव’ पार्टीत होते. कारण सरळ होतं. वजन ४९ किलो, सगळे मला ‘काडी’ म्हणतात, मग मला काय फरक पडतो?

त्यानंतर काही महिन्यांनी कॉलेजमध्ये आरोग्य शिबिर झालं. फुकट होतं म्हणून मैत्रिणींबरोबर मीही रक्त देऊन आले. रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी जी टेस्ट असते, एचबीए१सी, ती ५.९. डॉक्टर म्हणाल्या, ‘५.७ च्या पुढे गेलं की काठावर. ६.५ ला डायबेटिस. घरी कुणाला आहे का?’

आहे. पप्पांना आहे, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापासून. आणि पप्पा आयुष्यात कधी जाड नव्हते.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

त्या रात्री मी या विषयावर वाचायला बसले आणि पहिलाच धक्का पुण्यातूनच मिळाला. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हेच कोडं सोडवतायत, की बारीक दिसणाऱ्या भारतीयांना इतका डायबेटिस का होतो? २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे चार्टनुसार दोघेही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

याची सुरुवात जन्माआधीच होते, असं त्यांच्या टीमला पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये दिसलं. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साधारण ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंमध्ये बरीच कमी होती, पण त्या मानाने चरबी फारशी कमी नव्हती. म्हणजे हातपाय काडी आणि आत साठा. संशोधक याला ‘थिन-फॅट’ म्हणतात. आपल्याकडे याला ‘बारीक आहेस, तुला काय होतंय’ म्हणतात आणि ताटात अजून एक चपाती वाढतात.

देशपातळीवरचे आकडे बघा. आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी काठावर आहेत. त्याच सर्वेक्षणात एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांमध्ये दिसला, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांमध्ये. म्हणजे वजनकाटा ज्यांना पास करतो, त्यातल्या बऱ्याच जणांना टेप नापास करते. आपल्याकडे पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० मानतात. टेलरची टेप घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

समोसा सापडला, भात सुटला

मग दोषी कोण? समोसा? थोडा आहेच. पण आपण समोसा रोज तीन वेळा खात नाही. रोज खातो तो मेसचा डबा. माझ्या डब्यात असतात चार चपात्या, भात, बटाट्याची भाजी आणि ज्यात डाळ शोधावी लागते असं वरण. चवीबद्दल तक्रार नाही, पण आता हिशेब बघा.

याच इंडियाब टीमने २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आपल्या ताटाचा अभ्यास छापला. एक लाख एकवीस हजारांवर प्रौढांचा आहार त्यात तपासला गेला. निष्कर्ष असा, की भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कार्बोहायड्रेट्समधून येतात आणि प्रोटीनमधून जेमतेम १२ टक्के. माझा डबा या सरासरीचा अगदी आदर्श विद्यार्थी आहे.

यातला एक मुद्दा आपल्याला खटकेल. मैद्याऐवजी गहू, भाताऐवजी ज्वारी-नाचणी असं नुसतं बदलून डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कार्ब्ज कमी झाले आणि त्यांची जागा प्रोटीनने घेतली, तर मात्र फरक दिसला. रोजच्या उष्मांकांपैकी फक्त ५ टक्के वाटा कार्ब्जकडून काढून डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्याच्या प्रोटीनला दिला, तरी धोका कमी होण्याशी त्याचा संबंध आढळला. थोडक्यात, भाकरी चांगलीच आहे, पण चार चपात्यांच्या जागी चार भाकऱ्या ही काही क्रांती नाही. दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ, हा खरा बदल.

जिमवाल्या पोरांनी लगेच प्रोटीन पावडरचा डबा उघडू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बॉडी बनवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळाच, असं सांगितलंय.

ड्रायव्हर बसलेला, कंडक्टर पळतोय

ताटाची गोष्ट अर्धी. उरलेली अर्धी खुर्चीची.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या डबलडेकर बसवरचे कर्मचारी तपासले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसभर वर-खाली, रोज पाचशेहून जास्त पायऱ्या. हृदयविकार ड्रायव्हरमध्ये स्पष्टपणे जास्त निघाला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक.

पण मला आवडला तो पुढचा भाग. मॉरिसला स्वतःलाच शंका आली, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून १९५६ मध्ये त्याने युनिफॉर्मच्या मापांची नोंद तपासली. आणि खरंच, ड्रायव्हरच्या पँटची कंबर मोठी होती, अगदी नोकरीला लागतानाच! म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं लगेच म्हणता येत नाही. आहाराच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा. वर दिलेला इंडियाबचा आहार अभ्याससुद्धा ‘संबंध’ दाखवतो, प्रयोग करून सिद्ध केलेलं कारण नाही.

तरी मॉरिसनंतर सत्तर वर्षांत इतके अभ्यास झालेत, की हालचाल कमी म्हणजे धोका जास्त, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ‘किती’ यावर. दहा हजार पावलांचा आकडा प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं. जाहिरातीचा आकडा जगभर नियम झाला! २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने ५७ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. दिवसाला दोन हजार पावलं चालणाऱ्यांपेक्षा सात हजार चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. त्यापुढे फायदा वाढतो, पण हळूहळू.

आणि खाल्ल्यावर चालण्याबद्दल आज्जी जे सांगायची ते बरोबर निघालं. २०२२ मध्ये सात छोट्या अभ्यासांचा आढावा आला. लांबलचक बसण्याच्या मध्ये दोन ते पाच मिनिटं साधं चाललं, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. नुसतं उभं राहण्यापेक्षा चालणं जास्त उपयोगी.

मग चालत का नाही?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण साधारण २२ टक्के होतं. बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

हा ५७-४२ चा फरक मला तरी आळसाचा वाटत नाही. आमच्या ग्राउंडवर संध्याकाळी क्रिकेट असतं, मुली कडेच्या पायऱ्यांवर बसतात. होस्टेलचं गेट लवकर बंद होतं. बाहेर चालायला जावं तर फुटपाथवर दुचाक्या आणि कोपऱ्यावर टपोरी. घरी गेलं तर ‘एकटी कुठे निघालीस?’ अशा वेळी ‘रोज सात हजार पावलं चाला’ हा सल्ला आम्हाला अर्धाच लागू होतो.

ताटाचंही तेच. मी मेसच्या काकूंना विचारलं, ‘काकू, बटाटा कमी करून रोज उसळ नाही का देता येणार?’ त्या हसल्या. ‘बाळा, देते की. महिन्याला पैसे वाढवून देणार का तुम्ही पोरी?’ आमच्यातल्या अर्ध्या जणी नसत्या देऊ शकल्या. तांदूळ आणि गहू स्वस्त, रेशनवरही तेच. डाळ, अंडी, दही महाग. ताट कार्ब्जने भरतं ते काही फक्त सवयीमुळे नाही.

म्हणून कॅन्टीनमधल्या त्या फलकाबद्दल माझं मत आता बदललंय. फलक लावाच, वाईट नाही. समोशात किती तेल आहे हे कळायला हवं. पण फलक स्वस्त असतो. ग्राउंडवर मुलींसाठी राखीव तास, उशिरापर्यंत दिवे, होस्टेलच्या मेसमध्ये डाळ-अंड्यासाठी अनुदान, चालता येईल असा फुटपाथ, याला पैसा आणि इच्छा लागते. फक्त फलक लावून थांबलो, तर ‘तुझी तब्येत, तुझी चूक’ एवढंच सांगितल्यासारखं होईल.

आम्ही सध्या दोन गोष्टी केल्यात. काकूंशी बोलून आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी उसळ ठरवली, बदल्यात एक चपाती कमी, पैसे तेवढेच. आणि ग्राउंडवर संध्याकाळी एक तास मुलींसाठी द्या, असं पत्र ४३ जणींच्या सह्यांनी प्राचार्यांना दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर रात्री जेवण झालं की आम्ही पाच-सहा जणी होस्टेलच्या आवारातच फेऱ्या मारतो.

पप्पांनाही सांगितलं, जेवल्यावर लगेच गल्ल्यावर बसू नका. ते म्हणाले, ‘तू कशाला लोड घेतेस, बारीक आहेस.’ मी त्यांना माझा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. मग फोन आला. दोघांची पुढची टेस्ट तीन महिन्यांनी आहे, एकाच दिवशी.