पदवी आणि पक्कड

इंजिनियरिंगच्या प्रवेशाचा हंगाम आला म्हणजे मुलाला कोणत्या शाखेंत घालावें याची चर्चा घरोघर सुरू होते. त्यांत संगणकाच्या शाखेचा मान पहिला. विजेची शाखा वांट्यास आली तर पालकांचा चेहरा किंचित् उतरतो. जिच्यावांचून संगणक म्हणजे नुसती पेटी, त्या विजेचें शास्त्र दुय्यम ठरावें, ही गंमतच होय! पण आमची तक्रार निराळी आहे. आमच्याकडे या धंद्याचे दोन तुकडे पडले आहेत. एका बाजूस पदवीधर. त्यानें रोहित्राचीं समीकरणें सोडविलेलीं असतात, पण स्वतःच्या घरांतील तार सोलण्याचा प्रसंग त्याला बहुधा येत नाहीं. दुसऱ्या बाजूस तारतंत्री; त्याच्या हातीं पक्कड असते, पण ती तार माणसास कां मारते हें त्याला पुष्कळदां कोणीं सांगितलेलेंच नसतें. लेखणीचा हात सोंवळा आणि पकडीचा हात हलका, हा आमचा जुनाच भेदाभेद या नव्या धंद्यांतही शिरला आहे.

हा प्रांत विजेच्या कामांत मागासलेला होता असें नव्हे. टाटांच्या कंपनीनें लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचें पाणी नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं खोपोलीस उतरवून वीज केली व 1915 सालीं ती मुंबईच्या गिरण्यांस पोंचविली. 1925 सालीं मुंबईंत विजेची आगगाडी धांवूं लागली. याच विजेसाठीं मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी धरणाखालीं गेल्या व 1921 सालीं तेथें सत्याग्रह झाला. इतक्या मोलानें घरांत आलेली वस्तु आपण हाताळतों मात्र कमालीच्या बेपर्वाईनें. सरकारी नोंदींप्रमाणें अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्यानें देशांत दरसाल दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं आहेत. एखाद्या सांथीनें इतके बळी घेतले असते तर केवढा हलकल्लोळ झाला असता!

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, ‘आमच्या दुकानांत फ्यूज आहे, आम्हांस काय भय?’ या समजुतीनेंच घात होतो. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. पांच अँपियरचा फ्यूज म्हणजे पांच हजार मिलिअँपियर. आणि छातींतून पन्नासएक मिलिअँपियर प्रवाह गेला तरी हृदय बंद पडूं शकतें. म्हणजे फ्यूजला जाग येण्यापूर्वीं माणूस शंभरदां मरेल. शीतपेटीच्या आंतली तार सुटून तिच्या पत्र्यास लागली, तर अर्थिंग नीट असल्यास प्रवाह त्या वाटेनें जमिनींत धांवतो व फ्यूज तत्काळ वितळतो. अर्थिंग नसेल तर तो पत्रा 230 व्होल्ट अंगावर घेऊन स्वस्थ उभा राहतो. ओल्या हातानें दार उघडणाऱ्या नोकराची वाट पाहत! प्लगाचा तिसरा पाय इतर दोहोंहून लांब करतात तो याचसाठीं, कीं जमिनीची जोड सर्वांआधीं जुळावी. आणि आमचे लोक भोंकांत बसत नाहीं म्हणून तोच पाय कापून टाकतात.

आम्ही वकिली पेशाचे असल्यामुळें कायद्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. विजेचा कायदा 1910 सालीं झाला, 2003 सालीं तो नव्यानें झाला. दिवा, पंखा वा कळ बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडल्यास विजेची जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी, हा दंडक जुनाच आहे. व्यवहारांत काय चालतें तें सर्वांस ठाऊक आहे: परवाना एकाचा, सही त्याची, आणि शिडीवर चढतो तो कालपर्यंत गवंड्याच्या हाताखालीं असलेला पोरगा. चार पैसे वांचले म्हणून शेटजी खूष! पुढें अपघात झाला म्हणजे हेच शेटजी आमच्याकडे धांवत येतात. निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, हें त्यांना तेव्हां प्रथम कळतें.

विद्यालयांसही आमचें सांगणें आहे. विजेच्या पदवीधरानें निदान एक पावसाळा वितरणाच्या कामावर, तारतंत्र्याच्या बरोबरीनें घालविल्याशिवाय त्याला पदवी मिळूं नये. खांबावर चढणाऱ्यास हातमोजे मिळतात कीं नाहीं, खालची वीज खरोखर बंद केली आहे कीं नुसती तोंडी सांगितली आहे, हें त्याला कचेरींत बसून कधींच समजणार नाहीं. तारतंत्र्यासही आपल्या कामामागचें शास्त्र शिकण्याची सोय व त्या शिक्षणाला साजेसा पगार हवा. याला खर्च लागेल. पण प्रेतामागें द्यावयाच्या भरपाईपेक्षां तो खासच जड नाहीं.

दिवाळीची रोषणाई लावण्यापूर्वीं प्रत्येक दुकानदारानें आपल्या ठेकेदाराजवळ अर्थिंग व तारांचें आवरण तपासल्याचा लेखी दाखला मागावा, आणि तीस मिलिअँपियर गळती होतांच वीज तोडणारी, बाजारांत आरसीसीबी या नांवानें मिळणारी कळ बसवून घ्यावी. ज्या ठेकेदारास असा दाखला देतां येत नाहीं, त्याचें बिल चुकतें करूं नये.