भोकर: पक्ष बदलला, मतदार किती बदलला?

नांदेड लोकसभा मतदारसंघात 20 नोव्हेंबर 2024 रोजी प्रत्येक मतदाराला दोनदा बटण दाबायचे होते. एका यंत्रावर लोकसभेच्या पोटनिवडणुकीची पांढरी मतपत्रिका होती, दुसऱ्यावर विधानसभेची गुलाबी. 23 तारखेला निकाल लागले. लोकसभेची जागा काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी भाजपचे संतुकराव हंबर्डे यांच्याविरुद्ध 1,457 मतांनी राखली, आणि त्याच मतदारसंघातल्या भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. हजारो लोकांनी पांढऱ्या कागदावर एक आघाडी आणि गुलाबी कागदावर दुसरी पसंत केल्याशिवाय असा निकाल लागत नाही. मराठवाडा काँग्रेसकडून भाजपकडे वळला, असे ठोकून सांगणाऱ्यांना या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

मुळात नांदेड हा काँग्रेसचा अभेद्य बालेकिल्ला होता, हे गृहीतकच कच्चे आहे. 1977 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे येथून खासदार झाले. 1987 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे अशोक चव्हाण यांनी प्रकाश आंबेडकर यांचा पराभव केला. पण दोनच वर्षांनी जनता दलाच्या व्यंकटेश काबदे यांनी त्यांना हरवले. 2004 मध्ये भाजपचे डी. बी. पाटील निवडून आले. 2014 च्या मोदी लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, त्यांतली एक नांदेडची; आणि 2019 मध्ये भाजपच्या प्रताप पाटील चिखलीकर यांनी अशोक चव्हाण यांना सुमारे चाळीस हजार मतांनी पाडले. येथला मतदार वेळोवेळी उलटत आला आहे.

भोकरचे प्रकरण मात्र वेगळे, आणि अधिक बोलके. 2008 च्या पुनर्रचनेनंतर भोकर, मुदखेड आणि अर्धापूर हे तालुके या मतदारसंघात आले. 2009 मध्ये अशोक चव्हाण, 2014 मध्ये त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण आणि 2019 मध्ये पुन्हा अशोक चव्हाण, हे सगळे काँग्रेसच्या पंजावर निवडून आले. 12 फेब्रुवारी 2024 रोजी अशोक चव्हाण यांनी काँग्रेस सोडली, दुसऱ्या दिवशी ते भाजपमध्ये गेले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची कन्या श्रीजया चव्हाण कमळावर निवडून आल्या. वरवर पाहता घराणे गेले तिकडे मतदार गेला. आकडे नीट पाहिले की चित्र बदलते.

2019 मध्ये अशोक चव्हाण यांना 1,40,559 मते पडली होती. भाजपचे बापूसाहेब गोरठेकर 43,114 वर थांबले. 2024 मध्ये श्रीजया चव्हाण यांना 1,33,187 मते मिळाली आणि काँग्रेसचे तिरुपती कदम कोंढेकर यांना 82,636. चव्हाण घराण्याच्या मतांचा आकडा जेमतेम सात हजारांनी घटला, म्हणून मतदार जागच्या जागी राहिला असे वाटते. पण भाजपची जुनी 43 हजार मते बहुतांशी कमळालाच पडली असे धरले, तर घराण्याची स्वतःची अशी मते नव्वद हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे पूर्वी चव्हाणांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे पन्नास हजार मतदार त्यांच्याबरोबर गेले नाहीत. मतदानाची वाढ आणि इतर उमेदवार यांमुळे हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, दिशा बदलणार नाही. 97,445 चे मताधिक्य 50,551 वर आले, ते यामुळेच.

बहुसंख्य मतदार घराण्यामागे का गेले, याचे उत्तर या तालुक्यांच्या अर्थकारणात आहे. अशोक चव्हाण यांचे वडील शंकरराव चव्हाण पाटबंधारे खात्याचे मंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झाले. विष्णुपुरीच्या प्रकल्पाला त्यांचे नाव आहे. अर्धापूर तालुक्यात भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना आहे. ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला जातो आणि कर्ज गावच्या सोसायटीतून येते, त्याच्या लेखी आमदार म्हणजे अडलेले काम करून देणारा माणूस. त्या माणसाचे चिन्ह बदलले, तरी काम बदलत नाही.

लोकसभेचे मत वेगळ्या कारणांनी पडते. एप्रिल 2024 मध्ये मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठा समाज सरकारवर नाराज होता, सोयाबीन हमीभावाखाली विकले जात होते, आणि संविधानाच्या प्रश्नावर दलित व मुस्लिम मतदार एकत्र आला होता. काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांनी चिखलीकरांना 59,442 मतांनी हरवले. अशोक चव्हाण भाजपचा प्रचार करत असूनही हे घडले. ऑगस्टमध्ये वसंतरावांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र यांचे मताधिक्य दीड हजारावर आले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यांत जमा होऊ लागले होते आणि ओबीसी मते महायुतीमागे एकवटली होती. सुमारे सात महिन्यांत इतके खाली-वर होणाऱ्या मताला पक्षनिष्ठा म्हणता येत नाही.

नेत्यांनीच निष्ठेची किंमत घालवली, हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. चिखलीकर शिवसेनेचे आमदार होते, भाजपचे खासदार झाले आणि 2024 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लोह्यातून निवडून आले. देगलूरचे जितेश अंतापूरकर 2021 मध्ये काँग्रेसचे आमदार झाले. तीन वर्षांनी तेच भाजपचे आमदार आहेत. अशा ठिकाणी पक्ष बदलल्याचा दोष मतदाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

लातूरने हेच थोड्या फरकाने दाखवले. लोकसभेला काँग्रेसचे शिवाजी काळगे विजयी झाले. विधानसभेला लातूर शहरात अमित देशमुख टिकले, तर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख यांना भाजपच्या रमेश कराडांनी पाडले. दोन्ही निकाल दहा हजारांच्या आतले होते. विलासराव देशमुखांचे घराणेही मतदाराने सरसकट स्वीकारले नाही, की सरसकट नाकारले नाही.

तेव्हा मराठवाड्याची निष्ठा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकली, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आमदारकीचे मत आणि खासदारकीचे मत यांची फारकत झाली आहे, एवढेच आज खात्रीने म्हणता येते. विधानसभेला नांदेड जिल्ह्याने नऊच्या नऊ आमदार महायुतीचे दिले. हा जिल्हा नांदेड, हिंगोली आणि लातूर अशा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे, आणि 2024 मध्ये तिन्ही ठिकाणी महाविकास आघाडीचे खासदार निवडून आले.