पेरणीची तारीख लिहिता, मग ही का नाही?



मागे एका गावी कपाशीची शेतीशाळा आटोपून एका घरी चहाला थांबलो. घरधन्यांनी वही दाखविली. लावण, वरखत, फवारणी, सारे तारीखवार लिहिलेले. चहा आणणारी सूनबाई गरोदर दिसली. सासूबाईंना विचारले, "कितवा महिना?" म्हणाल्या, "असंल पाचवा-सहावा." नाव कोठेच नोंदविले नव्हते. "आधी कुणाला सांगू नये, दृष्ट लागते." दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ८ निघाले. निदान ११ हवे. रक्त असे कमी असता बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर जिवावर बेतते.

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हंगामाचे गणित तारखेवर चालते, एवढे मला कळते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. त्यात नऊ महिने सात दिवस मिळविले की बाळंतपणाचा अंदाज येतो.

पहिले तीन महिने : बाळाचे अवयव याच काळात घडतात. पाळी चुकताच आशाताईंना सांगावे व १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी तपासून घ्यावी. फॉलिक ॲसिडची गोळी व धनुर्वाताची लस विचारून घ्यावी. फवारणी, औषध कालवणे, फवारणीचे कपडे धुणे ही कामे गरोदर बाईला कोणत्याच महिन्यात सांगू नयेत.

चौथ्या महिन्यापासून : लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर चांगली लागू पडते. शौचास काळी होते म्हणून बंद करू नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. एकूण चार तपासण्या तरी व्हाव्यात. शेवटची ३६ आठवड्यांनंतर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

अंगावरून रक्त वा पाणी जाणे, तोंड-हात सुजणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर : तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. गाईचा चीक आपण वासराला आधी पाजतो, मग बाळाच्या वाट्याचा चीक का टाकावा? मध, गुटी, पाणी काही नको. सहा महिने आईचेच दूध. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना आई व बाळ दोन्ही दाखवावीत.

त्या सूनबाईला डॉक्टरांनी रोज दोन गोळ्या सांगितल्या आणि तारीखही काढून दिली. घरधन्यांनी ती वहीत कपाशीच्या वर लिहिली आहे. आपल्या घरी असे कोणी असेल, तर आज रात्री वही उघडावी.