गाडीचे इंधन आणि गाईचे आंबोण

पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले, हे तुम्ही वाचले असेलच. हे इथेनॉल पूर्वी मुख्यतः उसाच्या मळीपासून होत असे. अलीकडे त्यात मक्याचा वाटा फार वाढला आहे. पण मक्यातून इथेनॉल काढून घेतल्यावर मागे काय उरते, हे तुम्ही कधी कुणाला विचारले आहे काय?

मक्याच्या दाण्यात सुमारे दोन-तृतीयांश भाग पिष्ट असते. यीस्टला तेवढेच हवे असते. पिष्टाची साखर होते आणि साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायॉक्साइड. प्रथिने, तेल, तंतू व क्षार जवळजवळ जसेच्या तसे मागे राहतात. म्हणून १ टन मक्यापासून पावणेचारशे ते चारशे लिटर इथेनॉल मिळते, आणि वाळवलेला चोथा उरतो सुमारे ३०० किलो. बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. दाण्यात ८-९ टक्के असलेली प्रथिने आता एक-तृतीयांश वजनात गोळा झाल्याने चोथ्यात ती २७ टक्क्यांच्या आसपास भरतात. ज्या वस्तूत सरकी पेंडीच्या तोडीस तोड प्रथिने आहेत, तिला टाकाऊ म्हणणे हा भाषेचा अपराध होय!

मक्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. केवळ मक्यावर वाढवलेल्या कोंबडीला ही उणीव बाधते. गाय-म्हैस मात्र या बाबतीत भाग्यवान. तिच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे कोटीपोट, हे शे-दीडशे लिटरांचे आंबवण्याचे पिंपच आहे. त्यातील जीवाणू खाद्यातील बरेचसे प्रथिन मोडतात, त्यातला नायट्रोजन घेऊन आपले स्वतःचे प्रथिन बांधतात, आणि पुढच्या कप्प्यांत गाय त्या जीवाणूंनाच पचवते. माणसाला न पचणारे तंतूही हेच जीवाणू फोडतात. कारखान्यातल्या पिंपात यीस्टने जे सोडून दिले, ते या दुसऱ्या पिंपात कामी येते.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते तीन ठिकाणी, आणि पहिली माझ्याच विषयातली आहे. यंत्रातून पिळून निघालेल्या ओल्या चोथ्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. १ किलो कोरडा माल मिळवण्यासाठी सुमारे २ किलो पाणी उडवावे लागते. पाण्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता किलोला २,२६० किलोज्यूल; म्हणजे निदान साडेचार मेगाज्यूल खर्च. १ किलो चोथ्यामागे जे सव्वा लिटर इथेनॉल मिळाले, त्यात ऊर्जा असते सुमारे २६ मेगाज्यूल. त्यातला सहावा हिस्सा केवळ चोथा वाळवण्यात गेला! बरे, भट्टी जास्त तापली तर चोथा काळपट होतो आणि त्यातले प्रथिन करपलेल्या भाकरीसारखे न पचता शेणात जाते. गाईला ओला चोथा चालतो. उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत नासतो, एवढेच. तेव्हा नवा कारखाना काढताना मका कुठे पिकतो एवढेच न पाहता, ५०-६० किलोमीटरांत किती दुभती जनावरे आहेत हेही पाहावे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्रथिने तिप्पट दाट होतात, तसे विषही होते. ओल्या राहिलेल्या मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते ना यीस्टने नष्ट होते, ना ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेने. दाण्यात किलोला १० मायक्रोग्रॅम असेल, तर चोथ्यात ३० होणार. गाईने खाल्लेल्या विषाचा शेकडा १ ते ३ भाग दुधात उतरतो. दुधासाठी आपल्याकडे किलोला अर्ध्या मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. हे दूध सर्वांत जास्त कोण पिते? लहान मुले. म्हणून डीडीजीएसच्या प्रत्येक खेपेबरोबर अफ्लाटॉक्सिन तपासणीचा दाखला असलाच पाहिजे, आणि तपासणीचा खर्च कारखान्याने सोसावा, चार गाई पाळणाऱ्याने नव्हे. याला इतिहासाचा आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये दारूभट्ट्यांशेजारच्या घाणेरड्या गोठ्यांत गाईंना निव्वळ गरम मळीपाणी पाजून दूध काढीत. १८५८ साली एका सचित्र साप्ताहिकाने ते उघडकीस आणले, तोवर त्या दुधाने कित्येक बालके दगावली होती. दोष धान्याच्या चोथ्याचा नव्हता; तपासणारे कोणी नव्हते.

तिसरी अडचण सोयाबीनवाल्यांची. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारभाव त्याच्या खाली राहिले. कारणे अनेक होती. स्वस्त डीडीजीएसमुळे पेंडीची घटलेली मागणी हे त्यांतले एक. मराठवाड्यातल्या एकाच घरात गोठा आणि सोयाबीन दोन्ही असतात. तिथे खुराकात वाचलेला रुपया शेतात गमावला जाऊ शकतो. कारखान्यांना परवाने देताना हा हिशेब कुणी मांडला होता काय, हे तुमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहून जरूर विचारा.