हात लावून ताप कळत नाही

२०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांतही आशाताई दारोदार फिरल्या, कपाळासमोर थर्मल गन धरून आकडा लिहून घेतला. साथ ओसरली, गन गेली आणि आपण पुन्हा कपाळाला हात लावून ताप ठरवू लागलो.

हाताचे काय खरे? भांडी घासून उठलेल्या आईचा हात गार असतो; तिला लेकराचे अंग उगाच तापलेले वाटते. चुलीपुढून उठली तर खरा तापही जाणवत नाही. थर्मामीटर असा फसत नाही. काचेच्या थर्मामीटरात उष्णतेने पारा फुगून वर चढतो. नळी तळाशी चिमटलेली असल्याने तो आपोआप उतरत नाही, म्हणून झटकावा लागतो. पण पारा विषारी. काच फुटली की घरात लहान मुले. त्यापेक्षा मेडिकलमध्ये शे-दोनशे रुपयांत मिळणारा डिजिटल घ्यावा. काखेतला घाम पुसून टोक कातडीला लावायचे आणि बीप वाजेपर्यंत दंड दाबून धरायचा.

जिभेखाली साधारण ९८.६ भरते, काखेत थोडे कमी. १००.४ पासून पुढे ताप. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. नवे बाळ गार पडले, काखेत ९७.७ च्या खाली गेले, तर उराशी धरून ऊब द्यावी. आकडा वर येत नसेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर तेव्हाही दवाखानाच.

आमचा आग्रह मात्र आकडा लिहून ठेवण्याचा आहे. रोज बुडतो म्हणून आपण सुई टोचून घेतो आणि अंग गार पडले की कामावर जातो. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून पिंपे भरलेली. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आणि डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. पोट सतत दुखले, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले तर ताप नसला तरी तातडीने दाखवावे. ताप किती, किती वाजता, गोळी कधी दिली, हे वहीत असेल तर डॉक्टरांना दिवस मोजता येतात. ‘चार दिस अंग कोमट हाय’ म्हणणाऱ्याला दोन मिनिटांत वाटेला लावता येते. कागद पुढे ठेवणाऱ्याला तसे लावणे अवघड जाते.

प्रत्येक घरी जमत नसेल तर महिला मंडळाने विहारात एक थर्मामीटर ठेवावा. वापरल्यावर टोक साबणाच्या फडक्याने पुसायचे, आणि शेजारी वही-पेन्सिल दोरीने बांधून ठेवायची.