नियम खोलीला हवा, माणसाला नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही प्रतिष्ठित मंडळी एक अर्ज घेऊन आमच्याकडे आली. अर्ज महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नावे होता. गावातील चाळींत आणि बंगल्यांमागील खोल्यांत पाच-पाच, सहा-सहा परप्रांतीय तरुण एकत्र राहतात; त्यामुळे पाणी पुरत नाही, कचरा वाढतो, लेकीसुनांना रस्त्याने जाणे अवघड होते; सबब कुटुंबाव्यतिरिक्त कोणासही खोली भाड्याने देण्यास मनाई करावी, अशी त्यात मागणी होती. "फादर, पहिली सही तुमची असू द्या," असे मंडळींनी आदराने सांगितले.

आम्ही सह्यांची यादी वाचली. तीतील निदान चार घरांतील मुले आज इंग्लंडमध्ये शिकत वा नोकरी करीत आहेत आणि ती चारही मुले परक्यांबरोबर एका घरात खोल्या वाटून राहतात, हे आम्हांस ठाऊक होते. ज्यांच्या मागल्या अंगणातील खोल्यांचे भाडे दरमहा घरात येते, अशीही काही नावे यादीत होती. आम्ही सही केली नाही. का केली नाही, ते येथे मांडतो. काहींना ते कटू वाटेल. परंतु गोड बोलून हा प्रश्न सुटणारा नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. अर्जातील प्रत्येक तक्रार खोटी नव्हती. एका नळावर वीस माणसे आली तर पाणी पुरणार नाही, आणि एका संडासावर वीस माणसे आली तर काय होते, हे सांगायला नको. एकत्र भाड्याने राहण्यावर नियम हवेत, हे आम्हांलाही मान्य आहे. वाद इतकाच आहे की तो नियम कोणाला लावायचा: खोलीला, की खोलीत राहणाऱ्या माणसाला?

ज्या देशात आपली मुले राहतात, त्या देशाने हे दोन्ही प्रकारचे नियम करून पाहिले आहेत. तेथील स्थानिक पालिकांच्या हाती या बाबतीत मोठे अधिकार आहेत. त्यांच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. काय करावे तेही, आणि काय करू नये तेही.

१९९९ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात भाड्याच्या एका तळघरातील घराला आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज होते. आतील दोन तरुण विद्यार्थ्यांना बाहेर पडता आले नाही. ते मरण पावले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००० पासून, स्कॉटलंडमध्ये अशा सामाईक घरांना पालिकेचा परवाना सक्तीचा झाला. इंग्लंडने २००४ साली गृहनिर्माणाचा कायदा केला. त्यानुसार २००६ पासून, तीन वा अधिक मजल्यांच्या ज्या घरात एका कुटुंबातील नसलेली पाच वा अधिक माणसे स्वयंपाकघर, न्हाणीघर वाटून राहतात, त्या घराच्या मालकाला परवाना घेणे भाग पडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मजल्यांची अट काढून टाकण्यात आली. त्याच वेळी झोपण्याच्या खोलीचे किमान मापही ठरले: एका प्रौढ माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. आपल्या हिशेबाने हे अनुक्रमे ७० आणि ११० चौरस फूट झाले. ४.६४ चौरस मीटरहून लहान खोलीत कोणालाही झोपवता येत नाही. खोल्या सुधारण्यासाठी मालकाला दीड वर्षापर्यंत मुदत देण्याची सोयही ठेवली गेली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परवाना न घेता घर चालवणाऱ्या मालकाकडून, भरलेले भाडे परत मिळावे म्हणून भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हा नियम भाडेकरूची भाषा विचारीत नाही, त्याचे लग्न झाले आहे की नाही हे विचारीत नाही. तो फक्त विचारतो की खोली माणसाच्या राहण्याजोगी आहे काय.

पण त्याच देशात दुसऱ्या प्रकारचा नियमही आला. एप्रिल २०१० मध्ये नगररचनेच्या नियमांत तीन ते सहा असंबंधित माणसांच्या घराचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. ऑक्टोबरपासून कौटुंबिक घराचे असे सामाईक घर करण्यास परवानगी लागणार नाही असे ठरले खरे. पण पालिकेला वाटल्यास ही मोकळीक काढून घेण्याची वाट 'कलम ४' खाली मोकळीच राहिली. मँचेस्टर, ऑक्सफर्ड, नॉटिंगहॅम अशा विद्यापीठांच्या शहरांनी ती वाट धरली. मग टक्केवारी सुरू झाली. ऑक्सफर्डमध्ये रस्त्याच्या शंभर मीटर लांबीत अशी घरे २० टक्क्यांहून अधिक नकोत. पोर्टस्मथमध्ये पन्नास मीटरच्या वर्तुळात १० टक्क्यांहून अधिक नकोत. येथे खोली कितीही हवेशीर, सुरक्षित असली तरी परवानगी नाकारली जाऊ शकते. दोष खोलीचा नसतो. आसपास तशी घरे आधीच ठरलेल्या प्रमाणाइतकी आहेत, एवढेच कारण पुरते.

या नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की साऱ्या आळीत अशीच घरे झाली तर कुटुंबे निघून जातात, शाळा ओस पडतात, शेजार उरत नाही. हा युक्तिवाद पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याला आळीत जागा नाकारली, तो माणूस हवेत विरून जात नाही. त्याची नोकरी, त्याचे महाविद्यालय त्याच शहरात असते. तो दूर जातो, जास्त भाडे देतो, किंवा जिच्यावर पालिकेची नजर नाही अशा अंधाऱ्या खोलीत शिरतो. त्यात विसंगती पाहा. जानेवारी २०१२ पासून त्याच देशाच्या सरकारने असे ठरवले की पस्तिशीच्या आतील एकट्या माणसाला घरभाड्याची मदत साधारणतः सामाईक घरातील एका खोलीपुरतीच मिळेल. म्हणजे सरकार सांगते, 'वाटून राहा'. आणि पालिका सांगते, 'आमच्या आळीत वाटून राहू नका.' त्या तरुणाने कोणाचे ऐकावे?

आता आपल्या अंगणाकडे वळू. एकत्र राहणे हा अपराध आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये. मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड आजवर टिकून आहेत. एका मोठ्या दालनात ओळीने मांडलेल्या पेट्या, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी रोझरी. जहाजाची वाट पाहणारे कित्येक खलाशी आणि नोकरीच्या शोधातील कित्येक तरुण तेथे राहिले. आपल्या गोमंतकीय बांधवांच्या कित्येक पिढ्या त्या कुडांनी सावरल्या. त्यांना कोणी 'बॅचलर' म्हणून हाकलले असते तर?

तेव्हा अर्ज लिहिणाऱ्यांना आमचा रोखठोक प्रश्न आहे. सहा जणांना एका खोलीत कोंबले कोणी? बिहारहून वा ओडिशाहून आलेल्या गवंड्याने ती खोली बांधली नाही. ती आपण बांधली. पत्रा आपण टाकला, खिडकीला न उघडणारी जाळी आपण ठोकली, चौथ्या माणसाचे आणि पाचव्या माणसाचे भाडे आपणच डोईमागे मोजून घेतले. आणि गर्दी झाली तेव्हा बोट मात्र त्याच्याकडे दाखवले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. अर्जावर सही करणाऱ्या किती मालकांनी तो करार केला आहे? पोलीस ठाण्यात भाडेकरूचे छायाचित्र देण्याची तत्परता आपण दाखवतो. त्याला स्वाक्षरी केलेला कागद देण्याची मात्र नाही.

नियम करायचाच तर तो कसा असावा, याची उदाहरणे आपल्या देशातही आहेत. २०२४ साली बंगळूरच्या तत्कालीन महानगरपालिकेने 'पेइंग गेस्ट' निवासांसाठी अटी घातल्या: दर माणशी किमान ७० चौरस फूट जागा आणि दररोज १३५ लिटर पाणी. इंग्लंडचे माप आणि बंगळूरचे माप जवळजवळ एकच निघावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. झोपलेल्या माणसाला लागणारी जागा देशागणिक बदलत नाही.

म्हणून महानगरपालिकेकडे आमचे मागणे वेगळे आहे. भाड्याच्या प्रत्येक खोलीची नोंद व्हावी. दर माणशी जागा, खिडकी, बाहेर पडण्याची वाट, वीजजोडणी, पाणी आणि संडास यांची तपासणी व्हावी. दोष सापडल्यास दंड मालकाला व्हावा, भाडेकरूला नव्हे. आणि दुसरी जागा मिळेपर्यंत कोणाचेही सामान रस्त्यावर येऊ नये. त्याचे भाडे वाढेल, असे कोणी म्हणेल. थोडे वाढेलही. पण आज जे स्वस्त भाडे आपण घेतो असे म्हणतो, ते सहा जणांचे मिळून कितीसे स्वस्त असते, हे मालकाने स्वतःच्या वहीत पाहावे.

अर्ज आणणाऱ्या मंडळींना आम्ही हेच सांगितले. त्यांपैकी एक गृहस्थ रागावून निघून गेले. अद्याप ते आमच्याशी बोलत नाहीत. दुसरे एक गृहस्थ मात्र आठ दिवसांनी आले. त्यांनी आपल्या मागल्या खोलीचे माप घेतले होते: बारा फूट बाय दहा, आणि राहणारे पाच. एकशेवीस चौरस फुटांत इंग्लंडच्या मापाने दोघांपुरतीच जागा होते. "फादर, आता काय करू?" असे त्यांनी विचारले. दोघांना तेथे राहू द्यावे, शेजारची लाकडे ठेवायची खोली मोकळी करून नीट बांधावी, तिघांना तेथे न्यावे, आणि तोवर कोणाला काढू नये, असे आम्ही सुचवले. खर्च होईल, असे ते म्हणाले. होईल, असे आम्हीही म्हटले. त्यांनी काम सुरू केले आहे.

पालिकेची तपासणी येईल तेव्हा येवो. ज्यांच्या घरी भाड्याची खोली आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मोजपट्टी घेऊन त्या खोलीत जावे, खिडकी उघडते का ते पाहावे, आणि तेथे किती जण झोपतात ते त्यांनाच विचारावे. त्यानंतरही तो अर्ज द्यावासा वाटला, तर सहीसाठी पुन्हा आमच्याकडे यावे. आम्ही पुन्हा नाहीच म्हणू. पण बोलायला आमचे दार उघडे आहे.